अक्कलदाढेचा जंतुसंसर्ग कसा ओळखतात

अक्कलदाढ दुखू लागली की आता बरेच रुग्ण आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दाखवणारा एक्स-रे, काढून आणतात. त्या फिल्मवर दाढ आडवी किंवा तिरकी दिसते, सोबतच्या अहवालातही तसेच लिहिलेले असते, आणि त्यामुळे निदान झाले, आता फक्त दाढ काढायची राहिली, अशी रुग्णाची व त्याच्या घरच्यांची समजूत होते. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते आणि ही समजूत मला वारंवार दूर करावी लागते. फिल्म दाढेची स्थिती दाखवते. संसर्ग आहे की नाही, असल्यास तो हिरडीपुरता आहे की जबड्याच्या मागे व गळ्याकडे सरकू लागला आहे, हे तिच्यावरून कळत नाही. ते रुग्णाच्या सांगण्यातून, त्याचे तोंड किती उघडते यावरून आणि बोटांनी चाचपून ठरवावे लागते. वेळेत ओळखला तर साध्या उपायांनी आटोक्यात येणारा हा आजार उशीर झाल्यास श्वास कोंडण्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्याच्या निदानाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २५ या वयात येते. तोपर्यंत जबड्यातल्या बाकीच्या दाढा आपापली जागा धरून बसलेल्या असतात, आणि शेवटी येणाऱ्या या दाढेला, विशेषतः खालच्या जबड्यात, जागा अपुरी पडते. मग ती पुढच्या दाढेला टेकून तिरकी अडते, आडवी पडते किंवा उभी असूनही अर्धीच वर येते. पूर्णपणे हाडात गाडलेली, तोंडातल्या लाळेशी कोणताही संबंध नसलेली दाढ सहसा संसर्गाने दुखत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. फिल्मवर भीतीदायक दिसणारी आडवी दाढ वर्षानुवर्षे मुकाट असू शकते, आणि दिसायला जवळजवळ सरळ असलेली, पण निम्मी हिरडीखाली राहिलेली दाढ वर्षातून दोन-तीनदा तोंड सुजवते. त्रासाचे मूळ त्या अर्धवट झाकणाऱ्या हिरडीत असते. दाढेचा माथा आणि त्यावरची हिरडी यांच्यामध्ये खिशासारखी पोकळी तयार होते; तिथे अन्नाचे कण शिरतात, ब्रश पोहोचत नाही, आणि प्रेव्होटेला, फ्युजोबॅक्टेरियम यांसारखे प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू तिथे फोफावतात. हिरडी सुजली की वरची अक्कलदाढ चावताना तिच्यावरच आदळते, त्यामुळे सूज आणखी वाढते. या विकाराला वैद्यकीय भाषेत पेरिकोरोनायटिस म्हणतात.

तपासणीच्या खुर्चीत रुग्ण बसला की मी आरसा हातात घेण्याआधी त्याला बोलू देते. दुखणे कधी सुरू झाले, कुठे जाणवते, गिळताना त्रास होतो का, तोंडाला घाण चव किंवा वास येतो का, ताप आला होता का, आणि असे पूर्वी झाले होते का, एवढे नीट विचारले तरी निदानाचा मोठा भाग हाती येतो. या संसर्गाचे दुखणे अनेकदा कानात जाते. पुष्कळ रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात आणि कानात काही दोष नाही असे ऐकून गोंधळलेले असतात. काहींना घसा धरल्यासारखा वाटतो आणि ते टॉन्सिलची औषधे घेऊन पाहतात. दाढेच्या आतली नस सुजल्यास होणारे दुखणे वेगळे असते: ते थंड किंवा गरम लागल्यावर उसळते, रात्री आडवे झाल्यावर वाढते, सणक मारून जाते, आणि नेमकी कोणती दाढ दुखते हे रुग्णाला बहुधा सांगता येत नाही. हिरडीच्या संसर्गात ठणका सततचा असतो, चावताना आणि गिळताना वाढतो, आणि रुग्ण जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर नेमके बोट ठेवतो.

त्यानंतर मी बाहेरून चाचपते. दोन्ही गालांची ठेवण सारखी आहे का, जबड्याच्या कोनाजवळ सूज आहे का, ती मऊ आहे की टणक, कातडी लाल आणि गरम आहे का, जबड्याखाली अवधाण आले आहे का, हे सगळे तोंड उघडायला सांगण्याआधी पाहायचे असते. एखादी आई मुलाला घेऊन येते आणि म्हणते, "मॅडम, गालफुगी आली असेल का बघा." गालफुगीची सूज कानाच्या पाळीखाली आणि पुढे असते, पाळी वर उचलल्यासारखी दिसते, दाढेची सूज तिच्यापेक्षा खाली, जबड्याच्या कडेशी असते. जेवायला बसले की जबड्याखाली गाठ फुगते आणि जेवणानंतर हळूहळू ओसरते, असे कोणी सांगितले तर लाळेच्या ग्रंथीतल्या खड्याचा संशय घ्यावा लागतो, मग फिल्मवर अक्कलदाढ कितीही तिरकी दिसो.

आता तोंड उघडण्याविषयी. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त माहिती देणारी खूण हीच आहे आणि ती पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून त्या फटीत बहुतेकांना घालता येतात. अक्कलदाढेभोवतीची सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचली की हे स्नायू आखडतात आणि दातखीळ बसते. दोन बोटे जात असतील तर संसर्ग बहुधा अजून जवळपासच आहे. एकच बोट कसेबसे जात असेल, तेही कालपर्यंत दोन जात असताना, तर पू स्नायूंच्या आड साठत असल्याचा विचार करून पुढची पावले त्याच दिवशी उचलावी लागतात. बाहेरून दिसणारी सूज आणि धोका यांचे प्रमाण सारखे नसते. गाल मोठा सुजलेला, पण तोंड व्यवस्थित उघडणारा रुग्ण अनेकदा कमी चिंतेचा असतो. गालावर जवळजवळ काहीच दिसत नाही, पण तोंड अजिबात उघडत नाही आणि आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येते, असा रुग्ण जास्त चिंतेचा असतो. जबड्याच्या आतल्या बाजूला, हाड आणि स्नायू यांच्यामधल्या जागेत पू साठला की असेच होते. तो पू बाहेर दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि गळ्याच्या बाजूच्या पोकळीत उतरायला त्याला फारसा अडथळा नसतो.

आमच्या भागात मात्र तोंड न उघडण्याचे दुसरे एक कारण इतके सर्रास आढळते की त्याचा विचार न करता निदान करणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, मावा आणि तंबाखू खाण्याची सवय गेली नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढरट, ताठर होते, तिच्यात दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात, तिखट खाल्ले की आग होते, आणि तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडू लागते. हा फायब्रोसिस, आणि तो कर्करोगाकडे जाऊ शकणारा विकार आहे. संसर्गाची दातखीळ दोन-चार दिवसांत बसते आणि दुखते. फायब्रोसिसचे आखडणे संथ असते आणि त्यात ठणका नसतो. अडचण येते ती दोन्ही एकत्र असतील तेव्हा. मुळातच दोन बोटे उघडणाऱ्या तोंडात अक्कलदाढेचा संसर्ग झाला, तर आज एक बोट उघडते यातले किती जुने आणि किती नवे हे फक्त रुग्ण किंवा त्याच्या घरचे सांगू शकतात. म्हणून मी विचारते, "मागच्या महिन्यात पाणीपुरी तोंडात मावत होती का?" मिलिमीटरमध्ये कोणी उत्तर देऊ शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असते. दातखीळ म्हटले की घरच्यांना धनुर्वाताची भीती वाटते, तीही रास्त आहे. पण धनुर्वातात दाढेजवळ सूज आणि पू नसतो, आखडणे दोन्ही बाजूंचे असते, आणि मान व पाठही ताठू लागते.

तोंड जेवढे उघडेल तेवढ्यात आत पाहायचे. दाढेवरची हिरडी लाल, सुजलेली, वरच्या दाढेच्या माथ्याचे ठसे उमटलेली दिसते, आणि बोटाने हलके दाबले तर तिच्या कडेखालून पू किंवा दुर्गंधी लस बाहेर येते. हे दिसले की हिरडीच्या संसर्गाविषयी फारशी शंका उरत नाही. तरीही मी तिथे थांबत नाही. अक्कलदाढेच्या पुढची दाढ ठोकून पाहावी लागते, तिला थंडावा लावून ती कसा प्रतिसाद देते हे पाहावे लागते, आणि तिच्या मागच्या कडेला कीड लागली आहे का, हे अणकुचीदार सळईने चाचपावे लागते. तिरकी अक्कलदाढ पुढच्या दाढेला जिथे टेकते तिथे वर्षानुवर्षे अन्न अडकते आणि ती चांगली, कामाची दाढ मागून पोखरली जाते. रुग्ण अक्कलदाढ काढायला आलेला असतो, पण दुखणे तिच्या शेजारणीचे असते. असे निदान हुकले तर अक्कलदाढ काढूनही दुखणे तसेच राहते, आणि रुग्णाचा आपल्यावरचा विश्वास उडतो, तो योग्यच आहे.

याच ठिकाणी आणखी एक फसवी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यापायी निरोगी दाढ गमावण्याची वेळ येऊ शकते. खालच्या अक्कलदाढेच्या हिरडीखालचा पू कधी कधी वर न येता जबड्याच्या हाडावरून, गालाच्या स्नायूच्या आडोशाने पुढे वाहत जातो आणि पहिल्या मोठ्या दाढेसमोर, कधी तिच्याही पुढे, गालाच्या खोबणीत गळू होऊन उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते की पहिल्या दाढेच्या मुळाशी पू झाला. तिच्यात जुनी चांदी भरलेली असेल तर हा समज आणखी पक्का होतो. एका महाविद्यालयीन तरुणीला अशाच गळवासाठी रूट कॅनलचा सल्ला मिळाला होता आणि ती दुसरे मत घ्यायला माझ्याकडे आली. तिची पहिली दाढ ठोकल्यावर दुखत नव्हती, थंडावा तिला नीट कळत होता, आणि एक्स-रेमध्ये मुळाशी काळी सावली नव्हती. गळवावर बोटाने हलका दाब दिला तेव्हा मागच्या अक्कलदाढेच्या हिरडीखालून पू बाहेर आला. जिवंत दाढेसमोर गळू दिसले की मागे पाहावे, हा नियम दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात पक्का बसायला हवा असे मला मनापासून वाटते.

तंबाखू आणि मिश्री वापरणाऱ्यांच्या बाबतीत अक्कलदाढेमागच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गळिताच्या हंगामात आमच्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. रोजची मजुरी बुडेल म्हणून हे लोक दुखणे अंगावर काढतात, आणि अनेक जणी दुखऱ्या दाढेवर मिश्री दाबून धरतात, कारण तिने तेवढ्यापुरती बधिरता येते. त्या जागेवर जखम दिसली तर ती मिश्रीने पोळलेली आहे, वरच्या दाढेने चावली गेलेली आहे की कर्करोगाची सुरुवात आहे, हे पाहणे आवश्यक असते. कडा टणक असलेली, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी, मानाने कमी दुखणारी जखम दिसली तर तिचा तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा.

पू कोणत्या दिशेने जाईल हे दाढेची मुळे कुठे संपतात यावर बरेचसे ठरते. जिभेखालचा तोंडाचा तळ मायलोहायॉइड नावाच्या पातळ स्नायूने तोलून धरलेला असतो. पहिल्या मोठ्या दाढेची मुळे सहसा या स्नायूच्या वर संपतात, म्हणून तिचा पू जिभेखाली जातो. अक्कलदाढेची मुळे बहुधा त्याच्या खाली पोहोचतात, म्हणून तिचा पू जबड्याखाली मानेकडे उतरतो. दोन्ही बाजूंच्या या जागा एकदम भरल्या तर तोंडाचा तळ फळीसारखा टणक होतो, जीभ वर उचलली जाते, आवाज घोगरा होतो, लाळ गिळता येत नाही आणि माणूस आडवा झोपू शकत नाही. स्टुटगार्टचे वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके नव्हती तेव्हा यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, आणि मृत्यूचे मोठे कारण पुवापेक्षा श्वास कोंडणे हे होते. अशी एकही खूण दिसली तर गावातल्या दवाखान्यात दाढेची फिल्म काढत बसणे योग्य नाही. रुग्णाला बसत्या स्थितीत, सोबत माणूस देऊन, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात ताबडतोब पाठवावे. पू किती खोल गेला आहे हे तिथे सीटी स्कॅनवर पाहतात, आणि श्वासाचा मार्ग सुरक्षित करणे हे त्याच्याही आधीचे काम असते.

ताप, नाडीचा वेग आणि रक्तातली साखर या तीन गोष्टी मी सूज असलेल्या प्रत्येक रुग्णात पाहते. विशीतल्या मुलाची साखर कशाला, असे घरचे विचारतात. पण मधुमेह असलेल्या शरीरात हा संसर्ग वेगाने पसरतो, आणि मधुमेह आहे हेच पहिल्यांदा दाढेच्या सुजेमुळे कळल्याची उदाहरणे दंतवैद्यांना नवी नाहीत. बोटाला टोचून होणारी ही तपासणी टाळण्याचे कोणतेही कारण नाही.

एवढे झाल्यावर फिल्मची पाळी येते, आणि तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते. दाढ पुढे झुकली आहे, मागे, उभी की आडवी, ही जॉर्ज विंटर यांची १९२६ मधील वर्गवारी, आणि जबड्याची मागची कड व दाढेची खोली यांवर आधारलेली पेल व ग्रेगरी यांची १९३३ मधील वर्गवारी आजही वापरात आहे. तिच्यावरून दाढ काढणे किती अवघड जाईल याचा अंदाज येतो. जुन्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गात दाढेच्या माथ्यामागे हाड झिजून चंद्रकोरीच्या आकाराची काळी सावली दिसते. माथ्याभोवतीची काळी कड तीन मिलिमीटरहून रुंद दिसली तर पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, तयार होत असल्याचा संशय घ्यावा. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस ज्या बोगद्यातून जाते, त्याची पांढरी रेघ दाढेच्या मुळाशी तुटलेली, वळलेली किंवा अरुंद झालेली दिसली, किंवा मूळच तिथे काळसर दिसले, तर नस मुळाला चिकटून असण्याची शक्यता असते आणि तेव्हा सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घेणे हिताचे ठरते. पण आदल्या दिवशी सुरू झालेल्या संसर्गात फिल्म पूर्णपणे निर्दोष असू शकते. हाडात बदल दिसायला वेळ लागतो, म्हणून फिल्म स्वच्छ आहे तेव्हा संसर्ग नाही असा अर्थ कधीही काढू नये.

निदान अवघड करणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानातून आणलेल्या, दोन दिवस घेऊन सोडलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या. त्यांनी ताप उतरतो, ठणका कमी होतो, आणि खोलवरचा पू मात्र तसाच राहतो. साठलेल्या पुवात औषध पुरेसे पोहोचत नाही. रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा खुणा अर्ध्या पुसलेल्या असतात आणि फक्त तोंड न उघडणे तेवढे उरलेले असते. गालाला बाहेरून गरम पिशवीने शेक देण्याची सवयही मोडायला हवी, कारण पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जाऊन गालावर फुटण्याचा धोका असतो. कोमट मिठाच्या पाण्याने आतून चूळ भरणे मात्र चांगले.

संसर्ग हिरडीपुरता असेल तर त्या पोकळीत सलाइनने नीट धुलाई करणे, वरची दाढ आदळत असेल तर तिचा बंदोबस्त करणे आणि वेदनाशामक देणे एवढ्याने बहुतेकांना दोन दिवसांत आराम पडतो. ताप, दातखीळ किंवा पसरणारी सूज असेल तरच प्रतिजैविके द्यावीत. दाढ काढायची की नाही हा वेगळा निर्णय आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिल्या साध्या संसर्गासाठी दाढ काढू नये, पहिलाच झटका तीव्र असेल किंवा तो पुन्हा आला तर काढावी. मला हे धोरण साधारणपणे पटते, पण ज्याला दवाखान्यात यायला दिवसाची मजुरी आणि चाळीस किलोमीटरचा प्रवास मोजावा लागतो, त्याच्या बाबतीत दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी का, याचा विचार मी त्याच्यासोबत बसून करते. खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत एक्स-रेपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे होते, हेही सांगते.

उपचारानंतर आठवड्याभराने मी रुग्णाला पुन्हा बोलावते आणि सूज उतरली असली तरी तोंड किती उघडते हे पट्टीने मोजते. ते पूर्ववत झाले असेल तर पुढचा विचार निवांतपणे करता येतो. हिरडी शांत दिसत असूनही तोंड तेवढेच अडत असेल, तर पहिले निदान बाजूला ठेवून पुन्हा सुरुवातीपासून तपासावे लागते: खोल जागेत उरलेला पू, सांध्याचा विकार, फायब्रोसिस, किंवा दाढेमागे दडलेली गाठ. अशा वेळी गोळ्या बदलून आणखी पाच दिवस थांबण्यापेक्षा त्याच आठवड्यात सीटी स्कॅन करून घ्यावा, असे मी रुग्णाच्या कागदावर लिहून देते आणि सोबत आलेल्या माणसालाही समजावून सांगते.